पेन्शन विकली तरी ती कायमची जात नाही

पोलीस लाइनीत वर्षानुवर्षे ऐकू येतं: “पेन्शन विकू नका, कापलेली रक्कम मरेपर्यंत परत मिळत नाही.” हे चूक आहे. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी महाराष्ट्र पोलिसांत लागलेल्यांना निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त 40 टक्के पेन्शन विकता येते, म्हणजेच तिचं अंशराशीकरण करता येतं: तेवढा भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. कपात 15 वर्षंच चालते, मग पेन्शन पूर्ववत. समजा पेन्शन 40,000 रुपये, विकली 16,000. हाती 24,000 येतात, पण महागाई भत्ता पूर्ण 40,000 वरच मिळतो! (हे बऱ्याच फौजदारांनाही ठाऊक नसतं.) मधेच मृत्यू झाला, तर उरलेली वसुली वारसांकडून होत नाही, कुटुंब निवृत्तिवेतनालाही कात्री लागत नाही.