पुढचे ब्रेक ढिले ठेवले की ट्रक पलटत नाही?

‘बॉडी वाढवलेल्या ट्रकचे पुढचे ब्रेक ढिले ठेवा, नाहीतर गाडी पलटते’ हा सल्ला बराच फिरतो. भीती अगदीच निराधार नाही. एका बाजूचा ब्रेक आधी पकडला की स्टेअरिंग खरंच ओढतं. पण दोष त्या असमान पकडीचा. ब्रेक मारताना वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. पुढचे ब्रेक ढिले ठेवून सगळं काम त्यांच्यावर टाकलं तर ती लॉक होतात आणि मागचा भाग आडवा फिरतो.

एअर ब्रेक असेल तर स्वतः बघा: चाकांना दगड लावा, हवा पूर्ण भरा, पुढच्या दोन्ही पुशरॉडवर (ब्रेक चेंबर, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या डब्यातून, बाहेर येणारा दांडा) चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करा, मदतनिसाला पेडल दाबायला सांगा. खूण दोन्हीकडे सारखी सरकली पाहिजे. फरक दिसला तर स्लॅक ॲडजस्टर (पुशरॉडला जोडलेला, ब्रेकची ढिलाई जुळवणारा लिव्हर), लायनरवरचं (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवरचं) ग्रीस, चेंबरचा आकार तपासा. स्प्रिंगचे पाटे बदलले असतील तर वजनानुसार मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्हही नव्याने सेट करून घ्या. तो हमखास राहून जातो.