स्थलांतराची कविता (ग्रामीण विदर्भ)

पोटासाठी, लग्नामुळे किंवा गावच उठवल्यामुळे मूळ ठिकाण सुटलेल्या माणसांची कविता आणि ती वाचण्याची रीत. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांत या कवितेचे ढोबळ दोन पट्टे पडतात : पश्चिमेला कापूस-सोयाबीनचा वऱ्हाड आणि पूर्वेला धान, तलाव, जंगल यांची झाडीपट्टी. माणसे दोन्हीकडून बाहेर पडतात, वाटा मात्र निराळ्या. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर धान निघाले की मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगलकडे जातात. मेळघाटातले कोरकू आदिवासी सोयाबीन-हरभऱ्याच्या कामासाठी खाली मैदानात उतरतात. पुसदकडच्या तांड्यांतली बंजारा कुटुंबे ऊसतोडीला जातात. शिकलेली पोरे पुण्याची गाडी धरतात.

अशा कवितेत झाड, फूल, नदी आली की तिला निसर्गकविता म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडली पाहिजे. रानाच्या आधाराने जगणाऱ्या घरात झाड हेच पंचांग असते. पळस पेटला म्हणजे फाल्गुन आला. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो, तेंदूपान मे महिन्यात तोडतात आणि ७० पानांचा एक पुडा बांधतात. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते. त्यामुळे कवितेत एखादे फूल आले की पहिला प्रश्न हाच विचारावा : हा कोणता महिना, आणि या महिन्यात हा माणूस कुठे असायला हवा होता?

समजावण्यापुरती, याच नोंदीसाठी रचलेली एक ओळ घेऊ : ‘मोह गरला, माय मिरचीत.’ चारच शब्द आहेत. मोहाची फुले रात्री उशिरा गळू लागतात आणि पहाटेपर्यंत झाडाखाली फिकट पिवळा सडा पडतो. त्याआधीच झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे फुले हातात स्वच्छ येतात. घरातली बाई उजाडायच्या आत टोपली घेऊन निघते. दिवस वर आला की जनावरे फुले खाऊन जातात. वेचलेली फुले अंगणात वाळत घालतात आणि ती तपकिरी झाली की साठवतात किंवा विकतात. मिरचीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे मोह गळून गेला तरी माय परतलेली नाही. मुकादमाने हिशेब अडवला, काम लांबले की माय आजारी पडली, हे ओळ सांगत नाही. घरच्या झाडाखाली टोपली घेऊन कोणी गेले नाही, एवढेच ती दाखवते. दुसऱ्या भागात क्रियापद नाही. माय मिरचीत काय करते ते सांगायची गरज नाही, कारण वाळलेली मिरची तोडणाऱ्या बाईच्या बोटांची आग पीठ मळतानाही जात नाही, हे ऐकणाऱ्याला माहीत आहे. गावाचे नावही नाही. माय कुठल्या गावात नसून एका पिकात आहे.

याच ओळीतला ‘गरला’ हा शब्द माणसाचा पत्ता सांगतो. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, वऱ्हाडीत ‘य’. एकच डोळा भंडारा-गोंदियाकडे ‘डोरा’ आणि अकोला-अमरावतीकडे ‘डोया’. कविता छापताना संपादकाने हा शब्द ‘गळला’ असा सुधारला, तर अर्थ राहतो आणि माणूस कुठला ते कळेनासे होते. तळाला शब्दार्थ द्यावेत, ओळीला हात लावू नये. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा पद्धतशीर अभ्यास केला, त्याचा फायदा अशा वाचनाला थेट होतो. यवतमाळ जिल्ह्यातले कवी भुजंग मेश्राम यांनी आदिवासी भाषांतले शब्द मराठी कवितेत थेट आणले. ते शब्द अडतात, आणि अडायलाच हवेत.

मेळघाटात हा प्रश्न आणखी खोल जातो. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. तिथल्या सिपना नदीचे नाव कोरकूत सागाचे नाव आहे. व्याघ्र प्रकल्पामुळे बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन झाले आणि माणसे डोंगरातून सपाटीवर आली. अशा गावच्या मुलाने आज ‘सिपना’ लिहिले, तर मराठी वाचकाला एक नदी दिसेल. त्याच्या आजीला नदी आणि काठचा साग एकाच शब्दात ऐकू येईल. मुलाला स्वतःला त्यातले किती ऐकू येते, यावर त्या कवितेचे सगळे वाचन अवलंबून आहे.

सर्वांत जुने स्थलांतर लग्न झालेल्या मुलीचे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. सासर-माहेरचे अंतर मोजणारी ही गाणी पोरींचा खेळ म्हणून बाजूला राहिली, हा अभ्यासकांचा दोष आहे. आजच्या स्थलांतराच्या कवितेत परतीची वाट, भावाची वाट पाहणे, निरोप धाडणे हे जे येते, त्याची मुळे तिथे शोधावीत.

परतण्याचा दिवस बहुधा सणाचा असतो. मेळघाटात तो होळीचा. कामावर गेलेले कोरकू कुठूनही होळीला गावी येतात, पुढचे काही दिवस कामे बंद राहतात आणि रस्त्यावर दोर आडवा धरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. होळीवरची कविता वाचताना तिच्यातला ‘मी’ दोर धरून उभा आहे की थांबलेल्या गाडीत बसून खिशात सुटे पैसे शोधतो आहे, हे आधी पाहावे.