वाचक विरुद्ध लेखक : रहस्यकादंबरीवरच्या मतांची पार्श्वभूमी

रहस्यकादंबरीबद्दल वाचक बोलायला लागले की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात: 'खुनी मी मध्यावरच ओळखला' आणि 'लेखकाने शेवटी फसवलं'. प्रेमकथेला किंवा ऐतिहासिक कादंबरीला कुणी ही फूटपट्टी लावत नाही. खुनाच्या गोष्टीत मात्र वाचक लेखकाशी डाव मांडून बसलेला असतो. या साहित्यप्रकाराचे अलिखित कायदे लेखकांइतकेच अशा हट्टी वाचकांनीही घडवले, असं माझं ठाम मत आहे.

१८७० च्या जूनमध्ये चार्ल्स डिकन्सचं निधन झालं, तेव्हा त्याची 'एडविन ड्रूड' ही हप्त्याहप्त्याने येणारी रहस्यकादंबरी बारापैकी सहा हप्त्यांवर थांबली होती. एडविन नाहीसा झालेला, संशय त्याच्या मामावर, आणि उत्तर लेखकासोबत गेलेलं. मग वाचकच तपासाला लागले. तर्क लढवणारी पुस्तकं निघाली. १९१४ मध्ये लंडनला या प्रकरणाचा चक्क लुटुपुटूचा खटला उभा राहिला. न्यायाधीशाच्या खुर्चीत लेखक जी. के. चेस्टरटन आणि ज्युरीचा प्रमुख नाटककार बर्नार्ड शॉ!

त्याआधी, डिसेंबर १८९३ मध्ये, 'स्ट्रँड' मासिकात आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावर संपवलं होतं. वाचक खवळले. अनेकांनी वर्गणी बंद केली. एका बाईने डॉयलला लिहिलेल्या पत्राची सुरुवातच 'अरे राक्षसा' अशा थाटाची होती. ही आठवण त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवली आहे. १९०३ मध्ये होम्स परतला, पण समाधान सगळ्यांचंच झालं नाही. एका नावाड्याने डॉयलला तोंडावर सांगितलं: कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही. मालिकेतल्या नंतरच्या पुस्तकांबद्दल असलं मत आजही किती वाचक देतात!

१९०५ मध्ये एडगर वॉलेसने वाचकाला उघड आव्हानच दिलं. 'द फोर जस्ट मेन'मधला खून कसा झाला हे ओळखणाऱ्यांना त्याने एकूण ५०० पौंडांची बक्षिसं जाहीर केली. मात्र विजेते किती असतील याला मर्यादा घालायचं राहून गेलं. बरोबर उत्तरं बरीच आली आणि पुस्तक खपूनही वॉलेस कर्जात बुडाला. वाचकाची हुशारी कमी लेखण्याची एवढी मोठी किंमत क्वचितच कुणी मोजली असेल.

खरा भडका उडाला १९२६ मध्ये, अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वरून. (शेवट इथे फोडणार नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांचा तो आनंद हिरावणं पाप आहे.) त्यातली एक जागा मात्र दाखवायलाच हवी. नोकर पत्र आणून देतो तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी असतात. पुढच्याच वाक्यात निवेदक निघतो तेव्हा नऊला दहा. मधली दहा मिनिटं कुठे गेली, हे पहिल्या वाचनात जवळपास कुणीच विचारत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तीच ओळ अंगावर येते. काहींनी याला सरळ लबाडी म्हटलं. व्हॅन डाइनसारख्या रहस्यकथाकारालाही ही युक्ती रास्त वाटली नाही. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सने मात्र ख्रिस्तीची बाजू घेतली: प्रत्येकावर संशय घेणं हे वाचकाचंच काम आहे. मी सेयर्सच्या बाजूने आहे. धागा समोर ठेवला होता, तो आपण उचलला नाही.

नियमांची भाषा याच काळात जोरात होती. १९२८ मध्ये व्हॅन डाइनने वीस नियम लिहिले, १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने दहा: गुन्हेगार सुरुवातीलाच भेटला पाहिजे, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. १९३० च्या सुमारास सुरू झालेल्या लंडनच्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळात नव्या सभासदाला वाचकापासून महत्त्वाचा धागा न लपवण्याची शपथ घ्यावी लागे. एलरी क्वीनच्या कादंबऱ्यांत तर शेवटाआधी थांबून वाचकाला सांगितलं जाई: सगळे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता तुम्हीच उत्तर काढा.

या कोड्याच्या खेळावर चिडणारेही होतेच. १९४४ मध्ये रहस्यकथाकार रेमंड चँडलरने खून बैठकीच्या खोलीतून रस्त्यावर आणणाऱ्या लेखकांची बाजू मांडली. त्याच वर्षी समीक्षक एडमंड विल्सनने 'न्यूयॉर्कर'मध्ये या कथांवर टीका केली, तर वाचकांची एवढी पत्रं आली की त्याने त्यांनी सुचवलेली पुस्तकं वाचून १९४५ मध्ये पुन्हा लिहिलं. मत बदललं नाही; उलट सेयर्सची 'द नाइन टेलर्स' त्याला कमालीची कंटाळवाणी वाटली.

या भांडणात तिसरी वाट आधीच निघाली होती. फ्रान्सिस आइल्सच्या १९३१ च्या कादंबरीत डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो, हे पहिल्याच वाक्यात कळतं. रूथ रेंडेलच्या 'अ जजमेंट इन स्टोन'चं (१९७७) पहिलं वाक्य खुनी, बळी आणि कारण तिन्ही सांगून टाकतं: युनिसने कव्हरडेल कुटुंबाला मारलं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. 'खुनी आधीच ओळखला' ही तक्रार इथे लागूच होत नाही. अशी कादंबरी वाचून 'यात रहस्य काय?' असं विचारणारा वाचक आणि 'माणूस असा का वागतो हेच रहस्य' म्हणणारा वाचक, दोघे एकाच पुस्तकाला एक तारा आणि पाच तारे देतात, तेव्हा ते चँडलर आणि विल्सनच्या काळातलाच वाद पुढे चालवत असतात.