अंग चोरणं वेगळं, बाजूला होणं वेगळं

पवनचक्क्यांच्या रांगेत पहिलीने वारा खाल्ला की मागच्यांच्या वाट्याला मंदावलेला, खळबळलेला वारा येतो. त्याला वेक म्हणतात. त्यावर पुढच्या चक्कीने आपली थोडी वीज सोडून मागच्यांचं भलं करायचं, असे दोन उपाय आहेत आणि बोलताना त्यांची हमखास सरमिसळ होते. गर्दीच्या लोकलमध्ये दारातला माणूस एक तर अंग चोरतो, नाहीतर सरळ बाजूला होतो. तेवढाच फरक, पण परिणाम फार वेगळे.

अंग चोरणं म्हणजे डीरेटिंग. चक्कीचं तोंड वाऱ्याकडेच राहतं, फक्त पाती स्वतःच्या अक्षात किंचित फिरवून ती मुद्दाम कमी वीज काढते. कागदावर हा सौदा झकास दिसतो. चक्की वाऱ्यातून जास्तीत जास्त किती ऊर्जा काढू शकते हे सांगणाऱ्या बेट्झच्या सूत्राप्रमाणे, त्या कमाल बिंदूच्या जवळ 2 टक्के वीज सोडली तर वाऱ्याला होणारा अडथळा जवळपास 9 टक्क्यांनी घटतो.

बाजूला होणं म्हणजे वेक स्टिअरिंग. इथे अख्खं डोकं, म्हणजे नॅसेल, वाऱ्याला तिरपं करायचं. 20 अंश वळवलं तर त्या चक्कीची 12 ते 17 टक्के वीज जाते. सौदा महाग वाटतो, पण वेकच एका अंगाला ढकलला जातो आणि मागच्या चक्कीला ताजा वारा मिळतो.

खऱ्या माळावर वारा सतत दिशा बदलतो, त्यामुळे फायदा कशाचा झाला हेच कळत नाही. म्हणून छोट्या चक्क्या घेऊन विंड टनेल, म्हणजे हवा तसा वारा सोडता येणारा बोगदा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या 1.1 मीटर व्यासाच्या चक्क्या मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या 13.84 मीटर रुंद टनेलमध्ये रांगेने उभ्या केल्या गेल्या. मुंबईच्या टॉवरचं मॉडेल टनेलमध्ये नुसतं उभं असतं. ही मॉडेलं पाती फिरवतात, मान वळवतात, दांड्यावरचा ताण मोजतात. पण आकार लहान झाला की काळही आकसतो. 110 मीटर व्यासाची चक्की मिनिटाला 14 फेरे घेते, तर ही साडेसातशेच्या वर. बाहेरची दहा मिनिटं टनेलमध्ये दहा-अकरा सेकंदांत उरकतात, आणि कंट्रोलरला तितकंच चपळ व्हावं लागतं. पात्यांचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे आकार आणि वेगानुसार हवा पात्यावरून कशी वाहील हे सांगणारा आकडा, मात्र खऱ्या चक्कीच्या आसपासही जात नाही, म्हणून त्यांचा आकार वेगळा घडवावा लागतो. टनेलमधला आकडा जसाच्या तसा साताऱ्याच्या पठारावर लावू नये, ते यासाठी.

निकाल? डीरेटिंगने एकूण वीज वाढली म्हणावी इतकी वाढली नाही. अडथळा कमी केला की वेकमधली घुसळणही कमी होते, आणि बाजूचा ताजा वारा आत मिसळायला उशीर लागतो. वाचवलेला वारा मागच्या चक्कीपर्यंत पुरेसा पोचतच नाही. वेक स्टिअरिंगने मात्र ठळक वाढ दिली.

म्हणून डीरेटिंग बाद? मुळीच नाही. त्याचं खरं काम दुसरंच आहे. कुणी किती वीज द्यायची हे ठरवणारं राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर ऐरोलीला, पश्चिम विभागाचं अंधेरी पूर्वेला मरोळ एमआयडीसीत. ग्रिडमध्ये वीज जास्त झाली की अशा ठिकाणांहून ‘इतकीच द्या’ असा आदेश निघतो. तो पाळायला पाती सेकंदांत फिरतात. नॅसेलला 20 अंश वळायला मिनिटभर जातं, तोवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, थांबून राहत नाही. माझं मत विचाराल तर जास्तीत जास्त वीज काढायची असेल तेव्हा मान वळवा, आदेश पाळायचा असेल तेव्हा पाती.

आदेशपालनाच्या चाचणीत एक गोष्ट आवर्जून पाहावी: आदेशाची वाटणी सगळ्या चक्क्यांत सारखी केली, तर वेकमध्ये सापडलेल्या चक्क्यांकडे तेवढा वाराच नसतो. तूट मग पुढच्यांनी भरायची, आणि त्यांनी जोर लावला की मागच्यांचा वारा आणखी घटतो.