कौन्सिलचे टॉवर रिकामे का होतात, आणि ‘डिकँट’ म्हणजे नेमकं काय

२०२३च्या १४ नोव्हेंबरला इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात बार्टन हाउस या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या भाड्याच्या टॉवरमधल्या ९८ घरांतल्या लोकांना सांगण्यात आलं की आजच बाहेर पडा. पंधरा मजले, साधारण चारशे माणसं, त्यात तान्ही पोरं आणि काठी टेकत चालणारे म्हातारे. आग लागली, स्फोट झाला किंवा मोठा धक्का बसला तर सांगाडा टिकेल याची खात्री देता येत नाही, एवढं कारण पुढं आलं. इमारत १९५८ची. पासष्ट वर्षं पुरलेली खात्री एका मंगळवारी संपली. बऱ्याच जणांनी पुढचे महिने हॉटेलच्या खोल्यांत काढले, आणि २०२४च्या सुरुवातीला पुन्हा तपासणी होऊन निरोप आला की आता परत या. अनेकांना परत जायचंच नव्हतं.

अशा बातम्यांचा उगम बहुतेक लोक लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये शोधतात. २०१७च्या १४ जूनच्या त्या आगीबद्दल, ७२ मृत्यूंबद्दल आणि इमारतीला बाहेरून लावलेल्या आवरणाबद्दल इथं पुन्हा लिहीत नाही. आगीनंतर नऊ दिवसांनी, शुक्रवारी रात्री, उत्तर लंडनमधल्या चॅलकॉट्स वसाहतीतले चार टॉवर रिकामे केले गेले. लोक क्रीडा केंद्रात हवेच्या गाद्यांवर झोपले, आणि काहींनी घर सोडायला साफ नकार दिला. पण आवरण काढता येतं, दारं बदलता येतात. चॅलकॉट्सचे रहिवासी महिन्याभरात परतू लागले. ज्या टॉवरांमधून माणसं कायमची हलवावी लागली, तिथं दोष बाहेर चिकटवलेल्या थरात नव्हता, भिंत आणि मजल्याची जमीन जिथं जुळते त्या सांध्यात किंवा खुद्द काँक्रीटमध्ये होता. त्यासाठी १९६८पर्यंत मागं जावं लागतं.

रोनन पॉइंटची गोष्ट इंग्लंडमध्ये स्थापत्य शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनचा हा बावीस मजली टॉवर, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. १६ मे १९६८ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गळत असलेल्या गॅसचा स्फोट झाला, बाहेरची भिंत निखळली, तिच्या आधारावरचे वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भारानं खालचेही गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा तळापर्यंत कोसळला. चौघे गेले. काडी ओढणाऱ्या बाई वाचल्या.

कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे भिंतीएवढे पॅनेल क्रेननं एकावर एक रचायचे आणि सांध्यात मसाला भरायचा, अशी ही पद्धत. मजुरी कमी, वेग जास्त. शिवाय १९५६पासून सरकार उंचीनुसार अनुदान देत होतं: सहा मजल्यांच्या वर जितकं जाल तितके पैसे वाढत. ते धोरण १९६७मध्ये गुंडाळलं गेलं, पण तोवर टॉवर उभे राहिले होते आणि आणखी कित्येक उभे राहत होते. (१९८६मध्ये रोनन पॉइंट मजल्यामजल्यानं उलगडून पाडला, तेव्हा काही सांध्यांत मसाल्याऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. स्फोटानंतर याच टॉवरचा पडलेला कोपरा पुन्हा बांधून त्यात भाडेकरू ठेवले होते, हे विसरू नये.)

खरा वादाचा मुद्दा स्फोटानंतरच्या निर्णयात आहे. पार्श्वभूमी सांगणाऱ्या बहुतेक लेखांत त्याला एक ओळ मिळते, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

सरकारनं १९६८च्या अखेरीस कौन्सिलांना दोन मापं दिली. इमारतीत गॅस ठेवायचा असेल तर महत्त्वाच्या भिंती आणि सांधे चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन दाब सोसतील इतके बळकट करा. सोप्या भाषेत, दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास. गॅस काढून टाकणार असाल तर त्याच्या निम्मं, १७, चालेल. हिशेब वरवर सरळ दिसतो: स्फोट गॅसचा होतो, गॅस नेला की धोका गेला. कौन्सिलांनाही तो परवडणारा होता, कारण हजारो सांध्यांना पोलादी कोन ठोकण्यापेक्षा एक नळ बंद करणं केव्हाही स्वस्त.

पण या हिशेबात इमारतीची सुरक्षितता कागदावर येऊन टेकली. टॉवर सुरक्षित आहे की नाही, हे आता काँक्रीट किती मजबूत आहे एवढ्यावर ठरत नव्हतं. इथं गॅस नाही, ही नोंद कुठल्यातरी फायलीत आहे आणि ती फाईल पुढच्या माणसाच्या हाती पडते, यावर ते ठरत होतं. कौन्सिलांच्या सीमा बदलल्या, खाती विलीन झाली, देखभाल बाहेरच्यांकडे गेली. बॉयलर बदलायला येणाऱ्याला १९६८चं परिपत्रक कोण दाखवणार? भाडेकरूंचीही तक्रार खोटी नव्हती: विजेवरचं ऊबयंत्र महाग पडतं, आणि गारठलेल्या घरात भिंतींना बुरशी धरते. शिवाय रोनन पॉइंटच्या चौकशी समितीनं वारा आणि आग या दोन्हींकडेही बोट दाखवलं होतं. जोरदार वाऱ्यानं पॅनेल ओढलं जाऊ शकतं, आगीच्या तापानं वाकू शकतं. गॅसचा नळ बंद करून यातलं काहीच सुटत नाही. माझ्या मते निम्म्या मापाची ही सवलत देणं ही त्या काळातली सर्वांत महागडी काटकसर होती. अर्थात, तेव्हाच्या अभियंत्यांसमोर माणसांनी भरलेले शेकडो टॉवर होते आणि ते एका हिवाळ्यात रिकामे करणं शक्य नव्हतं, हेही खरं.

हिशेब २०१७मध्ये चुकता करावा लागला. दक्षिण लंडनमधल्या पेकहमजवळच्या लेडबरी वसाहतीत तेरा मजल्यांचे चार टॉवर, एकूण २२४ घरं. भिंती आणि जमिनीच्या सांध्यात फटी पडल्याचं भाडेकरू वर्षानुवर्षं सांगत आले होते, आणि दर खेपेला फट बुजवून वर रंग मारला जाई. ग्रेनफेलनंतर त्यांनी पुन्हा आवाज उठवला, तेव्हा कुठं नीट पाहणी झाली. या इमारती रोनन पॉइंटनंतर बळकट केल्या आहेत, असं कागदोपत्री समजलं जात होतं. ते काम झालं असावं असं प्रत्यक्षात दिसेना. ऑगस्टमध्ये तडकाफडकी गॅस तोडला, आणि सोबत गरम पाणीही गेलं. सप्टेंबरात सरकारनं सगळ्या इमारत-मालकांना पत्र पाठवलं की तुमच्याकडे पॅनेलच्या इमारती असतील तर नोंदी तपासा.

नोंदी तपासल्यावर पुढची नावं आली. टॉटनहॅममधल्या ब्रॉडवॉटर फार्मवर नॉर्थोल्ट हा टॉवर आणि टॅंगमियर ही सहा मजली पायऱ्यापायऱ्यांची इमारत २०१८मध्ये १७च्या मापालाही उतरल्या नाहीत. म्हणजे गॅस काढूनही भागेना. त्याच वर्षी पोर्ट्समथमध्ये अठरा मजल्यांचे दोन टॉवर, मिळून २७२ घरं, रिकामी करायचं ठरलं, कारण काँक्रीट अपेक्षेपेक्षा कमकुवत निघालं.

इथं तो शब्द येतो: डिकँट. कौन्सिलच्या पत्रांत, बैठकांत, हळूहळू भाडेकरूंच्या तोंडीही. मूळ अर्थ एका भांड्यातलं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतणं, गाळ तळाशी राहू देत. पत्रात ‘तुम्हाला डिकँट केलं जाईल’ असं लिहून येतं तेव्हा तात्पुरतं की कायमचं, हे त्या शब्दात कुठंच नसतं. मुंबईच्या वाचकाला ‘संक्रमण शिबिर’ म्हटलं की जी शंका येते, तीच ही. त्या शब्दातही संक्रमण आहे, आणि तिथं दोन-दोन पिढ्या काढलेली कुटुंबंही आहेत.

फरक नुसता भाषेचा असता तर सोडून दिला असता. १९७३च्या कायद्यानुसार घर कायमचं सोडावं लागलं आणि भाडेकरू तिथं किमान वर्षभर राहत असला, तर त्याला ठरावीक भरपाई मिळते. २०२३च्या ऑक्टोबरात ती ८,१०० पौंड होती. तात्पुरतं हलवलं तर ही रक्कम नाही, फक्त सामान हलवणं, पडदे, जोडण्या असा खर्च मिळतो. तात्पुरतं हलताना जुन्या घराचा भाडेकरार टिकून राहतो, कायमचं हलताना तो संपतो. त्यामुळे ‘डिकँट’ म्हणून गेलेल्या कुटुंबाला दीड वर्षानं कळलं की इमारत पाडणार आहेत, तर पैसे कधीपासून, हक्क कुठल्या घराचा, मुलांची शाळा बदलायची की नाही, हे सगळं त्या एका शब्दाच्या अर्थावर लटकतं. लेडबरीच्या भाडेकरूंनी म्हणूनच परतीच्या हक्काचा शब्द लेखी मिळवला आणि घरांच्या रांगेत वरचा क्रमांकही. २०२१मध्ये त्यांनी मतदान करून इमारती पाडून नव्या बांधायला संमती दिली. लंडनमध्ये महापौरांच्या निधीतून वसाहत पाडून बांधायची तर रहिवाशांचं मतदान २०१८पासून सक्तीचं आहे.

शब्दांची अशीच कसरत ग्रेनफेलनंतर दिसली होती. तीन आठवड्यांत सर्वांना घरं, असं आश्वासन दिलं गेलं. मुदत संपली तेव्हा सांगितलं गेलं की सर्वांना घराचा प्रस्ताव दिला आहे, तोही बहुतांशी तात्पुरत्या घराचा. २०३ कुटुंबांपैकी निम्मीसुद्धा वर्षभरानं कायमच्या घरात पोचली नव्हती.

१९८०च्या कायद्यानं आपलंच कौन्सिलचं घर विकत घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. ते भाडेकरू उरले नाहीत, त्यामुळे त्यांना पर्यायी घर आपोआप मिळत नाही. कौन्सिल त्यांचं घर परत विकत घेते, आणि फटी पडलेल्या टॉवरमधल्या घराची किंमत काय लावायची, यावर भांडण जुंपतं. आणि सर्वांत खाली राहतात बेघर म्हणून तिथं तात्पुरती ठेवलेली कुटुंबं. पाडायच्या यादीत गेलेल्या वसाहतीतली घरं एकेक करून रिकामी होतात, तेव्हा पाडकाम सुरू होईपर्यंत अशा कुटुंबांना तिथं आणलं जातं. त्यांना सहसा ना भरपाई, ना परतीचा हक्क. त्यांची रवानगी पुढच्या तात्पुरत्या घरात होते.