आभाळ कोरत नाहीत

होकुसाई आणि हिरोशिगे या जपानी चित्रकारांच्या, लाकडी फळ्यांवरून छापलेल्या निसर्गचित्रांत आभाळ वरच्या कडेला गडद निळं असतं आणि खाली येता येता विरून जातं. ही छटा लाकडात कोरलेली नसते. आभाळाच्या जागी फळी नुसती सपाट असते. छपाई करणारा ती छटा प्रत्येक कागदासाठी नव्याने लावतो. या कामाला बोकाशी म्हणतात.

फळी डोंगरी चेरीची. लाकूड घट्ट, एकसारख्या पोताचं, त्यामुळे बारीक रेघही तुटत नाही. पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवून रेघांभोवतीचं लाकूड काढतात. या रेघांच्या फळीचे ठसे घेऊन त्यांवरून प्रत्येक रंगाची वेगळी फळी कोरतात. प्रत्येक फळीवर खालच्या उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच असते आणि त्याच कडेला डावीकडे सरळ खाच. कागद दोन्ही खाचांना टेकवला की रंग रेघेत बसतो. तरीही सरकला, तर आधी कागदाचा ओलावा बघावा. कागद ओलसर करूनच छापतात आणि सुकला की तो आकसतो. कागदाला सरस आणि तुरटीचं पाणीही दिलेलं असतं. ते कमी पडलं तर रंग फुटतो, जास्त झालं तर कागद रंग नीट घेत नाही.

आता बोकाशी. छटा जिथे विरायला हवी, तिथे फळी ओल्या फडक्याने पुसतात. गडद कडेला रंग आणि थोडी तांदळाची खळ ठेवून ब्रश कडेला समांतर पुढे-मागे फिरवतात. पाण्यामुळे रंग आपोआप पातळ होत जातो. लगेच कागद ठेवून पाठीमागून बारेनने, म्हणजे बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने, घासतात. पाणी कमी पडलं की छटेऐवजी रेघ उमटते, जास्त झालं की रंग कडेबाहेर ओघळतो. खळ कमी असेल तर ठिपके दिसतात.

या छटेला रंगही तसाच लागतो. केना या रानटी झाडाच्या जातीतल्या एका फुलाचा जुना निळा उजेडात उडून जायचा. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेला प्रशियन निळा १८३०च्या सुमारास जपानी छापखान्यांत रुळला. त्याचे कण अतिशय बारीक, त्यामुळे पातळ केला तरी तो एकसारखा पसरतो आणि उजेडातही बराच टिकतो. होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेचं यश या निळ्यावाचून कल्पताच येत नाही.

छापणाऱ्याच्या हातात किती असतं हे जपानी चित्रकार हिरोशी योशिदांनी १९२६ साली दाखवलं. शिडाच्या होड्यांचं एकच चित्र त्यांनी त्याच फळ्यांवरून, रंग बदलून, सकाळ, धुकं, संध्याकाळ आणि रात्र अशा वेगवेगळ्या प्रहरांचं छापलं.