झाडीपट्टीतील तलावांवरील वारा व लाटा

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग, म्हणजे झाडीपट्टी, येथील गावतलाव, बोड्या (लहान शेततळी) व जलाशय यांच्या काठी रोज जाणवणारा वारा आणि त्याने पाण्यावर उठणाऱ्या लाटा. हा प्रदेश समुद्रापासून शेकडो किमी. आत आहे. येथे भरती-ओहोटी नाही आणि दूरच्या वादळातून चालत आलेली लांब लाटही नाही. उठते ती लाट त्याच पाण्यावरच्या, त्याच वेळच्या वाऱ्याची असते व वारा पडला की थोड्याच वेळात विरते. वाऱ्याचा जोर हा तिच्या अभ्यासातील एक भाग झाला. तलावाची पार (मातीचा बांध) पाण्याच्या कोणत्या अंगाला आहे आणि पाणी किती भरले आहे, या दोन गोष्टींचे महत्त्व त्याहून कमी नाही.

लाटा झेलणाऱ्या या पारी केव्हाच्या, याविषयी मतभेद आहेत. तलाव बांधण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिले जाते. कोहळी बनारसकडून आले अशी परंपरा जुन्या गॅझेटियरांत नोंदली आहे. तिला स्वतंत्र पुराव्याचा आधार फारसा नाही. चांद्याचा (चंद्रपूरचा) गोंड राजा हिरशाह याने तलाव बांधणाऱ्यास त्या पाण्यावर भिजणारी जमीन देण्याचा शिरस्ता घातला, असे दुसरी परंपरा सांगते. मात्र हिरशाहाचा काळ निरनिराळ्या वंशावळींत निरनिराळा येतो, त्यामुळे तलावांचा आरंभ एका राजवटीशी बांधणे धोक्याचे आहे. बहुसंख्य तलाव सोळाव्या ते अठराव्या शतकांत, टप्प्याटप्प्याने झाले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हा सुमारे ११ चौ. किमी.चा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानतात. ‘मालगुजारी तलाव’ हे नाव नंतरच्या जमीनमहसूल व्यवस्थेतून आले. तलाव त्या व्यवस्थेहून जुने आहेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे गेले.

दैनंदिन चक्र बहुतेक ऋतूंत सारखे असते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि वरच्या थरांतील वारा पाण्यापर्यंत पोचत नाही. पहाटे तलाव निश्चल असतो. सूर्य वर आल्यावर जमीन तापते, हवा ढवळली जाते व वरचा वेग खाली उतरू लागतो. साधारणतः दहाच्या सुमारास पाण्यावर सुरकुती धरते, दुपारी दोन ते चार या वेळात वारा सर्वांत जोरात असतो आणि दिवस मावळताना तो पडतो. ढिवर (मासेमार) संध्याकाळी जाळे लावून भल्या पहाटे उचलतात, त्याला मासळीच्या सवयींइतकेच हे चक्रही कारण आहे. एकट्या माणसाला डोंग्यात उभे राहून जाळे ओढायचे, तर पाणी स्थिर हवे.

ऋतुमानाप्रमाणे दिशा बदलते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी वारे मंद व मुख्यतः उत्तर ते पूर्व या बाजूंचे असतात. मार्चपासून ते वायव्य-पश्चिमेचे होऊ लागतात व मेमध्ये कोरडे, तापलेले होतात. जून ते सप्टेंबर नैऋत्य-पश्चिमेचे राज्य असते. उन्हाळ्याची अखेर व पावसाळ्याचा आरंभ हा वर्षातील सर्वांत वाऱ्याचा काळ. पण तेव्हा तलाव तळाला गेलेला असतो आणि लाटा पारीच्या पायथ्यापाशी, भेगाळलेल्या गाळावरच संपतात. पारीची खरी कसोटी ऑगस्ट-सप्टेंबरात लागते. तेव्हाचा वारा जूनपेक्षा एरवी सौम्य असतो, पण पाणी सलंगीला (जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला) टेकलेले असते.

त्या दिवसांत जोराचा वारा आणतो तो बंगालच्या उपसागरावरून येणारा कमी दाबाचा पट्टा. ओडिशा व छत्तीसगडवरून तो वायव्येकडे सरकतो व त्याचे केंद्र बहुधा विदर्भाच्या उत्तरेने, मध्य प्रदेशातून जाते. आपल्या गोलार्धात अशा केंद्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र पूर्वेस असताना झाडीपट्टीत वारा उत्तरेचा-वायव्येचा येतो, ते उत्तरेला आल्यावर पश्चिमेचा होतो आणि ते पुढे सरकल्यावर दक्षिणेचा होतो. त्यामुळे एका पट्ट्याच्या प्रवासात, दोन-तीन दिवसांत, तलावाचे तीन वेगळे काठ आळीपाळीने मार खातात. सर्वांत नेटाचा टप्पा पश्चिमेचा, व मुसळधार पाऊसही प्रायः त्याच सुमारास. म्हणून पाण्याच्या पूर्वेस पार असलेले तलाव अधिक जोखमीचे समजावेत. पार दक्षिणेस किंवा पश्चिमेस असेल, तर तोच वारा पारीच्या कडेकडेने किंवा तिच्यापासून दूर वाहतो.

वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनश्रेणीत पाचव्या पायरीची (ताशी २९ ते ३८ किमी.) जमिनीवरची खूणच अशी दिली आहे, की पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात व अंतर्गत जलाशयांवर माथा फुटणाऱ्या लहान लाटा उठतात. गावतलावावर पांढरे माथे दिसू लागले, तर वारा या पायरीच्या आसपास आहे असे समजण्यास हरकत नाही.

लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो टिकण्याचा काळ आणि वारा पाण्यावरून किती अंतर तोडून येतो, म्हणजे वातपल्ला, यांवर अवलंबून असते. ती काढण्यासाठी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत स्टीव्हन्सन-मोलिटर सूत्र दिलेले असते. स्कॉटिश दीपगृह-अभियंता टॉमस स्टीव्हन्सन (१८१८–८७) याने मूळ सूत्र केवळ वातपल्ल्यावर बेतले होते. मोलिटरने पुढे त्यात वाऱ्याचा वेग आणला. वातपल्ला ३२ किमी.हून कमी असताना वापरावयाच्या या रूपात उंची मीटरमध्ये अशी येते: वेग (किमी./तास) व वातपल्ला (किमी.) यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ गुणिले ०·०३२, अधिक ०·७६३, उणे वातपल्ल्याचे चतुर्थ मूळ गुणिले ०·२७१. एक किमी. वातपल्ला व ताशी ४० किमी. वारा घेतल्यास उत्तर सुमारे ०·७ मी. येते. पण वेग शून्य धरला तरी हेच सूत्र जवळजवळ अर्धा मीटर लाट दाखवते, आणि वाऱ्याविना लाट संभवत नाही. स्वेर्द्रुप, मंक व ब्रेटश्नायडर यांच्या पद्धतीने त्याच परिस्थितीत सुमारे २८ सेंमी. आणि तीन किमी. वातपल्ल्यास ४५ सेंमी.च्या आसपास उंची मिळते. डोळ्यांना दिसणाऱ्या लाटेशी हे आकडे अधिक जुळतात. पहिले सूत्र पारीच्या संकल्पनात सुरक्षिततेचे माप म्हणून चालेल. झाडीपट्टीतील तलावाच्या रोजच्या वर्णनाला ते लावू नये. मातीच्या धरणांच्या मोकळ्या उंचीविषयीचे (पाण्याच्या पातळीवर राखायच्या धरणाच्या उंचीविषयीचे) भारतीय मानक १०६३५ (१९९३) परिणामी वातपल्ला वापरते. त्यात वाऱ्याच्या मुख्य रेषेच्या दोन्ही अंगांना ठराविक कोनांवर रेषा काढून त्यांची भारित सरासरी घेतात. नवेगावबांधासारख्या टेकड्यांत शिरलेल्या, फाटे फुटलेल्या तलावाचा परिणामी वातपल्ला नकाशावरच्या लांबीपेक्षा त्यामुळे बराच कमी भरतो. वाऱ्याने पाणी एका काठाशी रेटले जाऊन चढते, तेही अल्पच. झायडर झी सूत्राप्रमाणे तीन मी. खोल, तीन किमी. लांब पाण्यावर ताशी ४० किमी. वाऱ्याने जेमतेम अडीच सेंमी.

एवढ्याशा लाटेने पार कशी खचते? एका तडाख्याने नव्हे. लाटा तासन्तास एकाच पातळीवर घासतात, मातीत आडवी खाच पडते, खाचेवरचा भाग भिजून खाली बसतो आणि पार आतून अरुंद होत जाते. वारा जिकडे वाहतो त्या काठाशी गढूळ पाण्याचा हातभर पट्टा, फेस, काडीकचरा व तुटलेले शिंगाड्याचे वेल जमतात. कोणता काठ मार खातो आहे हे त्यावरून लगेच कळते. दगडी पिचिंग (पारीच्या उतारावर दगड बसवणे) हा यावरचा रूढ उपाय आहे. काठचे देवधान (रानटी भात), कमळ व शिंगाडा यांचे ताटवे लाटेचा जोर बऱ्यापैकी मोडतात, त्यामुळे तलाव ‘साफ’ करताना पारीसमोरची वनस्पती सरसकट उपटणे अनिष्ट आहे. बेशरम ही झुडपी वनस्पतीही माती धरते, परंतु ती पसरून तलाव गिळते. तिची शिफारस करता येणार नाही.

मार्च ते मे या काळातील अवकाळी वादळे या चक्रात बसत नाहीत. दुपारनंतर वाढलेल्या ढगातून थंड हवा धाडकन खाली येते व जमिनीवर चहूकडे पसरते. वारा मिनिटांत उसळतो आणि त्याची दिशा ऋतूवरून नव्हे, तर ढग कोणीकडे आहे त्यावरून ठरते. डोंग्याला सर्वाधिक धोका याच वाऱ्याचा असतो, कारण तो येण्यापूर्वी पाणी अगदी शांत असू शकते. ढग गडगडू लागताच वाऱ्याची वाट न पाहता जवळचा काठ गाठणे हाच शहाणपणा होय.

वैनगंगेवरील गोसेखुर्द, गाढवी नदीवरील इटियाडोह व पेंचवरील तोतलाडोह या मोठ्या जलाशयांवर वातपल्ला गावतलावांच्या कितीतरी पट असल्याने लाटाही मोठ्या होतात. गावतलावात वाढलेल्या डोंगा चालवणाऱ्याचे कसब तेथे जसेच्या तसे पुरत नाही.

भारतीय हवामान विभागाच्या सहकार्याने निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिकेत मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा अपेक्षित वाऱ्याचा वेग व दिशा दिलेली असते. दिशा अंशांत असते आणि ती वारा जिकडून येतो तिकडची: ९० म्हणजे पूर्वेचा, २७० म्हणजे पश्चिमेचा. वेग जमिनीवरचा असतो, उघड्या पाण्यावर तो काहीसा अधिक धरावा. तलाव भरलेला, पार पूर्वेला आणि पत्रिकेत २७०च्या आसपासचा आकडा असे जुळून आल्यास त्या दिवसांत पार व तुडूम (पाणी सोडण्याचे दार) यांची पाहणी करणे उचित ठरते.